स्कीला चिकटलेलं उलट्या पायाचं भूत

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझं वय ४२. सह्याद्रीत नियमित ट्रेक करते. फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंगचा दोन आठवड्यांचा कोर्स करणार आहे, पहिल्यांदाच. चौदा वर्षांचा मुलगा बरोबर आहे, त्याला स्नोबोर्ड शिकायचाय. गेल्या वर्षी मैत्रिणीच्या गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट तिथेच तुटलं, आणि तेही ती जवळजवळ थांबलेली असताना. चांगली नी-कॅप घेतली तर भागेल का? हातात दोन महिने आहेत."

नी-कॅपचं आधी सांगून टाकते. नाही भागणार. ती ताणणारी कापडी कॅप गुडघा ऊबदार ठेवते आणि मनाला धीर देते, बस. गुडघ्यात जो पीळ पडून लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारी दोरी, तुटतं, तो पीळ कापडाने अडत नाही. ज्यांचं एसीएल आधीच गेलं आहे किंवा ज्यांचं ऑपरेशन झालं आहे, त्यांना दोन्ही बाजूंना बिजागरी असलेला ब्रेस देतात. ती वेगळी गोष्ट, आणि तो डॉक्टरांनी मापाने द्यायचा असतो. धडधाकट गुडघ्यासाठी तुम्ही ते पैसे चांगल्या बुटांवर घाला.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं वाक्य मैत्रिणीबद्दलचं आहे: "जवळजवळ थांबलेली असताना." मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतः स्कीइंग करते, आणि बर्फावरून परत आलेले गुडघे दर हिवाळ्यानंतर माझ्या टेबलावर येतात. त्यातले फार थोडे लोक झाडाला आदळलेले असतात. बहुतेकांची कहाणी एकसारखी असते: "काही विशेष नाही हो, हळूच चालले होते, तोल मागे गेला, बसल्यासारखी झाले, उठायचा प्रयत्न केला आणि आतून टक्‌ असा आवाज आला." हे सांगताना त्यांना थोडी लाजच वाटत असते, इतकं साधं पडण्याची. पण एसीएल तुटण्याची स्कीइंगमधली नेहमीची तऱ्हा हीच आहे.

इंग्रजीत या प्रकाराला जे नाव आहे त्याचा अर्थ 'भुताचं पाऊल'. आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात हे लहानपणीच कळलेलं असल्यामुळे हे नाव मराठी माणसाला जास्त लवकर समजावं. स्की म्हणजे एक लांब पट्टी. तिचा बराचसा भाग तुमच्या टाचेच्या मागे असतो. म्हणजे तुमच्या पायाला मागच्या दिशेनेही एक लांब पाऊल फुटलेलं आहे आणि ते तुम्हाला दिसत नाही. तुम्ही पुढे झुकलेल्या असता तोवर हे भूत झोपलेलं असतं. तुम्ही मागे बसलात की जागं होतं.

होतं काय, तर तोल मागे जातो, ढुंगण गुडघ्यांच्या खाली येतं, डोंगराकडची स्की हलकी होऊन उचलली जाते आणि सगळा भार दरीकडच्या स्कीच्या शेपटाच्या आतल्या कडेवर येतो. ती कड बर्फात रुतते आणि स्की वळू लागते. पाय बुटात आवळलेला, बूट स्कीला जखडलेला, त्यामुळे नडगीचं हाड स्कीबरोबर आत वळतं. मांडी मात्र तुमच्या धडाबरोबर जागेवर राहते. पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यात असा पीळ पडला की एसीएल, म्हणजे नडगीच्या हाडाला पुढे सरकण्यापासून आणि आत वळण्यापासून रोखणारी ती आतली दोरी, तुटते. यासाठी वेग लागत नाही. आपण अंगणात फतकल मारून बसतो तशी बर्फावर फतकल मारली, एवढं पुरतं.

एटलिंगर, जॉन्सन आणि शीली या तिघा अमेरिकी संशोधकांनी असे अपघात वर्षानुवर्षं जमवले, त्यांची चित्रणं पाहिली, आणि मग एक साधी गोष्ट केली. स्की-रिसॉर्टवरच्या प्रशिक्षकांना आणि बचाव पथकातल्या लोकांना त्यांनी ही चित्रणं दाखवली, असा प्रसंग येतोय हे कसं ओळखायचं आणि तेव्हा काय करायचं हे शिकवलं. १९९५ साली त्यांनी निष्कर्ष छापले: शिकवलेल्या गटात गुडघ्याच्या गंभीर दुखापती आधीच्या दोन हंगामांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटल्या. ते सगळे दिवसभर बर्फावर असणारे मुरलेले लोक होते, त्यामुळे नवशिक्याला तेवढाच फायदा होईल असं मी म्हणणार नाही. पण कुठलंही उपकरण न घेता, निव्वळ समजून घेऊन एवढा फरक पडला, हे मी प्रत्येक पेशंटला सांगते.

तर तोल मागे जातोय असं वाटलं की तीन गोष्टी करायच्या, याच क्रमाने: हात पुढे, पावलं जवळ, हात स्कीच्या वर. हात पुढे आले की धड पुढे येतं आणि धड पुढे आलं की शेपटावरचा भार कमी होतो. स्कीइंगमध्ये मागे गेलेला हात, विशेषतः डोंगराकडचा, हा धोक्याचा पहिला बावटा समजा. गुलमर्गच्या उतारावर तिथल्या पोरांकडे नीट बघा. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकला भारतातून एकटा गेलेला आरिफ खान ज्या उतारांवर वाढला, तिथली ही पोरं. काही जणांच्या स्की जुन्या, कपडे साधे, पण हात कायम समोर, जणू चहाचा ट्रे घेऊन चाललेत. तुम्हीही तो ट्रे धरा.

आणि तोल सावरतच नसेल तर? पडा. खुशाल पडा. हे सांगायला सोपं आहे, करायला नाही, कारण आपल्या अंगात पडू नये याची इतकी धडपड असते की ती धडपडच लिगामेंट तोडते. डोंगराच्या बाजूला, कुशीवर, मांडी आणि ढुंगणाच्या कडेवर पडायचं. पडताना पाय ताठ करायचे नाहीत, गुडघे वाकलेलेच राहू द्यायचे. हात मागे टेकायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायचं नाही. आपण मुंबई-पुण्याची माणसं, चारचौघांत पडलो की लगेच उठून कपडे झटकतो. लाज वाटते ना! तीच सवय इथे घात करते. घसरत असतानाच उठायला गेलात म्हणजे ढुंगण खाली, भार शेपटावर आणि मांडीचे स्नायू पूर्ण जोर लावतायत. भुताला यापेक्षा चांगलं आमंत्रण नाही. थांबल्यावरसुद्धा आधी दोन्ही स्की उताराला आडव्या करा, आपल्यापेक्षा खालच्या बाजूला ठेवा आणि मग उठा. जमत नसेल तर डोंगराकडच्या स्कीचं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जखडणारी खटकी, उघडून तो पाय मोकळा करा. त्यात काही कमीपणा नाही.

आता बाइंडिंग. लोक म्हणतात, "पडल्यावर स्की आपोआप सुटते ना?" सुटते, पण ती मुळात नडगीचं हाड वाचवण्यासाठी सुटते. बाइंडिंग सुधारली तशी पूर्वी सर्रास होणारी नडगीची फ्रॅक्चर खूप कमी झाली. एसीएलच्या बाबतीत तसं झालं नाही. नेहमीच्या बाइंडिंगचा पुढचा भाग आडव्या पिळाला सुटतो, मागचा भाग टाच वर उचलली गेली की सुटतो. मागे बसून पडताना मात्र या दोन्ही दिशांना पुरेसा जोर जातच नाही, आणि स्की पायाला तशीच राहते. म्हणून बाइंडिंगवर विसंबू नका, पण ते नीट लावून घ्या.

भाड्याच्या दुकानात तुमची उंची, वजन, वय आणि कौशल्य विचारतात. बुटाच्या तळाची लांबी मिलिमीटरमध्ये बुटावरच छापलेली असते, तीही पाहतात. त्यावरून बाइंडिंगचा आकडा ठरतो. इथे दोन जातींची माणसं खोटं बोलतात. वजन कमी सांगणाऱ्यांचं बाइंडिंग नको तेव्हा सुटतं, आणि कौशल्य जास्त सांगणाऱ्यांचं हवं तेव्हा सुटत नाही. तुम्ही नवशिक्या आहात, तसंच सांगा. न विचारताच कुणी स्क्रू पिळू लागला तर त्याला थांबवा आणि आधी ही माहिती द्या. पन्नाशी ओलांडलेल्यांनी वय आवर्जून सांगावं, कारण त्यांचा आकडा कमी धरतात. स्की घालण्यापूर्वी दर वेळी बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ काठीने खरवडून काढा. बर्फाचा थर मध्ये राहिला तर ठरवलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

बुटांबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझा स्वतःचा गुडघा बुटांपायी गेला. माझ्या पहिल्या कोर्सच्या वेळी दुकानात माझ्या मापाचे बूट संपले होते. दुकानदार म्हणाला, "थोडे मोठे आहेत, दोन जोडी मोजे घाला मॅडम, ऊबही राहील." मीही घातले. दोन दिवस टाच आत वरखाली होत होती. टाच उचलली जात असेल तर नडगी बुटाच्या जिभेवर टेकत नाही, आणि नडगी टेकली नाही की आपण नकळत मागे बसतो. तिसऱ्या दिवशी चार वाजता, "एक शेवटची फेरी" म्हणून खाली येताना डाव्या स्कीची आतली कड अडकली, पाय बाहेर गेला, गुडघा आत आला. एसीएल वाचलं. आतल्या बाजूचं लिगामेंट, एमसीएल, अर्धवट फाटलं. ऑपरेशन लागलं नाही, बहुतेकांना लागतही नाही, पण सहा आठवडे ब्रेस लावून मी माझ्याच पेशंटांना "व्यायाम करा" सांगत फिरत होते.

म्हणून बूट निवडताना: घरी भिंतीला टाच लावून उभं राहा आणि पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. स्की-बुटाचा नंबर म्हणजे साधारण तीच लांबी. मोजे एकच जोडी, पातळ, गुडघ्याखालपर्यंत येणारे. बूट घालून सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवून पुढे झुकल्यावर ती मागे सरकून मोकळी झाली पाहिजेत. टाच हलता कामा नये. घट्ट वाटतील. ट्रेकिंगच्या बुटांची सवय असलेल्याला तर फारच घट्ट वाटतील. पहिल्या दिवशी अर्धा तास गेला तरी चालेल, पण मनासारखे बूट मिळाल्याशिवाय दुकान सोडू नका. स्की मात्र आखूड घ्या, हनुवटीपर्यंत येणारी. शेपूट जितकं आखूड तितकं भूतही लहान.

नवशिक्यांचा एमसीएल बहुधा माझ्यासारखाच जातो. पहिले काही दिवस तुम्हाला स्कीची टोकं जवळ आणि शेपटं लांब ठेवून, उलट्या 'व्ही'सारखं करून वेग कमी करायला शिकवतील. मुलांना पिझ्झाचा तुकडा म्हणून शिकवतात तेच. घाबरलं की माणूस हा तुकडा रुंद करत जातो, गुडघे एकमेकांकडे ओढले जातात, आतल्या कडा रुततात आणि स्की दोन दिशांना पळू लागतात. गुडघा आत, पाय बाहेर. यावरचा उपाय तंत्राचा कमी आणि उताराचा जास्त आहे: ज्या उतारावर तुम्हाला तो तुकडा रुंद करावा लागतोय, तो उतार अजून तुमचा नाही. गुलमर्गला सुरुवातीचे उतार सौम्य आहेत. ग्रुपमधल्या कुणीतरी तिसऱ्याच दिवशी "गोंडोलाने (म्हणजे रोपवेने) वर अफरवाट शिखराकडे जाऊ" म्हटलं तर जा, वरून बर्फ बघा, फोटो काढा आणि गोंडोलानेच खाली या.

दोन महिन्यांच्या तयारीकडे वळू. तुम्ही ट्रेक करता म्हणजे दम चांगला असणार आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला गड उतरण्याची सवय असणार. सिंहगड उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरतात ते याच स्नायूमुळे. पण गुडघा फारसा वाकलेला नसताना हाच पुढचा स्नायू नडगीला पुढे ओढतो. तिला मागे धरून ठेवणारा, एसीएलचा खरा सोबती, म्हणजे मांडीचा मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग. माझ्याकडे येणाऱ्या ट्रेकर मंडळींचा तोच कच्चा असतो. जोर-बैठका काढणाऱ्यांनाही हे लागू आहे. बैठका उत्तम, पण एकट्या पुरत नाहीत.

हॅमस्ट्रिंगसाठी गुडघ्यांखाली उशी घेऊन गुडघ्यांवर उभं राहा, घोटे मुलाला घट्ट धरायला सांगा, आणि पाठ सरळ ठेवून जितकं हळू जमेल तितकं पुढे पडत जा. शेवटी हातांवर उतरा. पाच वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. पहिल्या आठवड्यात दोनच जमतील आणि मागच्या मांड्या ठणकतील. हळूहळू वाढवा.

दुसरं, जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच हळूच खालच्या पायरीला टेकवायची आणि परत वर. हे आरशासमोर करा. वाकताना गुडघा आत, दुसऱ्या पायाकडे पडतोय का ते बघायचं. बऱ्याच बायकांचा पडतो. हौशी स्कीइंगमध्ये बायकांना एसीएलचा धोका पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट दिसतो. त्याची कारणं अनेक आहेत आणि त्यावर वादही आहेत, पण आत पडणारा गुडघा हे एक कारण आपल्याला सुधारता येतं. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहीपर्यंत वजनं उचलायच्या भानगडीत पडू नका.

तिसरं, जमिनीवर खडूची रेघ मारून तिच्या दोन्ही बाजूंना आडव्या उड्या, वीस सेकंद. उतरताना आवाज कमी आला पाहिजे. धप्प आवाज येतोय म्हणजे गुडघे धक्का शोषत नाहीयेत. भिंतीला पाठ लावून अदृश्य खुर्चीवर पाऊण मिनिट बसणं, तीनदा, हे दात घासताना करा. बाकी पुण्यात असाल तर पर्वतीच्या पायऱ्या हळू उतरा. चढण्यापेक्षा उतरण्यात तुमचा फायदा आहे.

आणि घरच्या सतरंजीवर पडायचा सराव करा. हसू नका. हात पुढे, कुशीवर, गुडघे वाकलेले. पंधरा-वीस वेळा. शरीराला आधीच माहीत असेल तर बर्फावर विचार करायला वेळ लागत नाही.

तिथे पोचल्यावर थकवा हा मोठा शत्रू. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे, पहिले दोन दिवस दम लागणारच. दुपारनंतर पाय जड होतात आणि नेमका तेव्हाच बर्फही बदलतो: उन्हाने मऊ पडलेला बर्फ स्की धरून ठेवतो, मग सावली आली की तोच कडक होतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी "शेवटची फेरी" हे शब्द किती जणांच्या तोंडून ऐकले असतील, मोजलं नाही. तुम्ही शेवटची फेरी कोणती ते आधी जाहीरच करू नका. मांड्या थरथरू लागल्या की झालं, बूट सोडा आणि कहवा प्या.

मुलाचं थोडक्यात. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असल्यामुळे एक पाय एकीकडे, दुसरा दुसरीकडे असा पीळ पडत नाही. त्यामुळे गुडघ्यांच्या दुखापती स्कीइंगपेक्षा कमी. तिथे मनगटं मोडतात. त्याला मनगटाचे गार्ड आणि हेल्मेट घ्या, नी-कॅपचे पैसे तिकडे वळवा. गुडघा सांभाळायचा तो दोन वेळी: लिफ्टवर जाता-येता एक पाय सोडलेला आणि एक बांधलेला असतो तेव्हा, आणि उड्या मारू लागला की सपाट जागी उतरताना. पहिल्या वर्षी उड्या नकोत, हे तुम्ही सांगून तो ऐकणार नाही. प्रशिक्षकाला सांगायला लावा.

इतकं करूनही काही झालंच, तर टक्‌ असा आवाज येणं, गुडघा निसटल्यासारखा वाटणं आणि दोन-चार तासांत टम्म सूज येणं, यातलं काहीही असेल तर त्या दिवसापुरतं नव्हे, त्या सहलीपुरतं स्कीइंग संपलं. चालता येतंय म्हणून काही तुटलं नाही असं समजू नका, एसीएल तुटलेली माणसं चालतात. स्कीवरून खाली येऊ नका, बचाव पथकाची घसरगाडी मागवा. बर्फ तर आहेच. कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावा, पाय उंच ठेवा, गुडघा सैल पट्ट्याने आधार देऊन बांधा. मालिश नको, कुणाला ओढूनताणून बसवू देऊ नका. पाऊल गार, पांढरं किंवा बधिर पडलं तर मात्र तासाचाही उशीर न करता हॉस्पिटल गाठा, कारण मग प्रश्न रक्तवाहिनीचा असू शकतो. एरवी आधी एक्स-रे काढा. एमआरआय घरी परतल्यावर केला तरी चालतो. सुजलेला पाय घेऊन विमानात बसण्याआधी रक्ताच्या गुठळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. मुलाच्या बाबतीत एक्स-रे अजिबात टाळू नका. या वयात लिगामेंट तुटण्याऐवजी ते जिथे चिकटलेलं असतं तो हाडाचा तुकडाच उपटून येऊ शकतो, आणि तो वेळेवर दिसला तर जागेवर बसवता येतो.